गाडीचं आवतन

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. अमरावतीहून त्यांच्या शेजारच्या काकू बोलत होत्या, "तुमच्या नणंदबाई सकाळी उठल्याच नाहीत हो..." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "गाडी दारात आहे ना?" काकू बिचाऱ्या गोंधळल्या. पण दारात गाडी असली की ताई घरात असणार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं. गाडी दारातच होती. तव्यावरची भाकरी जळून गेली आणि मी तिथेच खाली बसले.

शालूताई माझ्या मोठ्या नणंद. माहेर शेतकऱ्याचं, दारात बैलजोडी असलेलं. सासर अमरावतीला, नवरा वकील. आमच्या वकीलसाहेबांचा त्या पांढऱ्या गाडीवर भारी जीव. पंपावर गेले की काच खाली करून ऐटीत म्हणायचे, "भारीतलं टाका." साध्या पेट्रोलचं नाव काढलं तरी कपाळाला आठी. महागाचं पेट्रोल म्हणजे गाडीला बदामाचा शिरा, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि वकिलाशी वाद घालणार कोण? ते गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की आता गाडी विकली जाणार. तर पन्नाशी उलटलेल्या ताईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं! उंची बेताची, म्हणून सीट पार पुढे ओढायची, खाली निळी उशी घ्यायची. समोरून पाहणाऱ्याला वाटावं गाडी आपली आपणच चालली आहे. तशाच एक दिवस अकोल्याला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मंगल, आता मले कोणाचं तोंड पाहावं लागत नाही," म्हणाल्या. घामाने निथळत होत्या, पण चेहरा असा फुललेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग पेट्रोल चढत गेलं. भारीतलं तर विचारूच नका. ताईंचं अकोल्याला येणं हळूहळू कमी झालं. आज गुडघाच दुखतो, उद्या ऊनच फार आहे... कारणं त्यांची, पण खरं काय ते मला कळत होतं. पुण्याहून निखिल, त्यांचा मुलगा, फोनवर एकच सांगायचा, "आई, विकून टाक गाडी. तुला परवडत नाही." वाईट नव्हता तो, काळजीच करायचा. पण गाडी गेली असती तर ही बाई पुन्हा चार भिंतींत, कोणी नेईल तेव्हा जाणारी झाली असती. मला राग यायचा. एकदा फोनवरच कडाडले, "अहो ताई, साधं टाका ना! गाडी काय तोंड वाकडं करणार आहे?"

"नाही वं. ह्यायनं कधी टाकलं नाही."

"साहेबांची वकिली चालत होती. तुमचं काय चालून राहिलं?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, रुसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. गाडीसोबत कंपनीचं जे पुस्तक येतं, जे आपल्याकडे कोणी म्हणून उघडत नाही, ते त्यांनी डिक्कीतून काढून पानन्‌पान वाचलं होतं. "मंगल, आयक. तो पेट्रोलचा ऑक्टेनचा आकडा असते ना, तो म्हंजे ताकद नाही वं. इंजिनात पेट्रोल वेळेच्या आधी भडकू नये, त्याच्यासाठी हाय तो. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याले मोठा आकडा लागते. आपल्या गाडीले साधंच लिवलं हाय." जुन्या गाडीला आता मिळणारं इथेनॉलचं पेट्रोल सोसावं म्हणून त्यांनी गॅरेजमधून रबरी नळ्याही तपासून, बदलून घेतल्या होत्या. मी म्हटलं, "मग आता टाका." तर म्हणे, "घाट चढली तर खरं."

मग काय, साधं पेट्रोल भरून आम्ही दोघी परतवाड्यामार्गे सेमाडोहला निघालो. चढ लागला तशी मी देवाचा धावा सुरू केला. ताई दात-ओठ खाऊन स्टिअरिंगला चिकटलेल्या, कान इंजिनाकडे. "खडखड आयकू येते काय?" "तुम्ही पुढं बघा माय!" गाडी मात्र खाली मान घालून मुकाट घाट चढली. सेमाडोहला पोहोचलो, मी टाळ्या वाजवल्या, आणि बघते तर ताई बॉनेटला टेकून रडत होत्या. "ह्यायनं इतकी वर्षं मायेनं केलं अन् मी त्यायले खोटं पाडलं..."

मला भडभडून आलं. म्हटलं, "खोटं कशाचं? लाड होता तो. आपल्या घरी बैलाला रोज पुरणपोळी घालत होते काय? वर्षभर कडबा आणि पोळ्याला पुरण. तुम्हीही पोळ्याला लाड करा." त्या रडता रडता हसल्या. मी बोलून मोकळी झाले, पण ताईंनी ते मनावर घेतलं. वर्षभर साधं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, माहेरी बैलांचे खांदे मळायचे तसं हळद-तूप घेऊन बॉनेट मळायच्या आणि बैलांना देतात तसं जेवणाचं आमंत्रण द्यायच्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पंपावर जाऊन भारीतलं. तिथून सरळ घरी. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून गाडीलाही दिवसभर सुट्टी! निखिल फोनवर हसायचा, "मामी, आईला तूच बिघडवलंस." बिघडवलं तर बिघडवलं. त्यांचं अकोल्याला येणं पुन्हा सुरू झालं, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत.

यंदा पोळ्याच्या तोंडावर निखिल आणि मी अमरावतीचं घर आवरत होतो. परतवाड्याचं गिऱ्हाईक ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पोचवायची होती. अडवणारी मी कोण? त्याची आई, त्याची गाडी. संध्याकाळी तो अंगणात गाडी धूत होता. मी आत भांडी बांधत होते. बराच वेळ पाण्याचा आवाज थांबलेला... मग तो ओल्या हातांनी दारात आला.

"मामी, हळद कुठं हाय?"

इतकी वर्षं पुण्यात राहून पुणेरी बोलणारं पोरगं ते. मी म्हटलं, "अरे, यंदा घरात सण नाही."

"गाडीले कुठं सुतक असते?"

हळद-तूप घेऊन त्याने बॉनेट मळलं. तोंडाने आवतन द्यायला गेला आणि "आज" एवढ्यावरच अडला. मग आम्ही दोघांनी मिळून ते पुरं केलं.

सकाळी त्याने गिऱ्हाइकाला फोन केला, "आज जमत नाही. आज पोळा आहे." आणि आम्ही पंपावर गेलो. "साधं का भारी?" पंपावरच्या पोराने विचारलं. निखिल म्हणाला, "भारीतलं. टाकी भरा." परत येताना मी त्याच्याकडे पाहिलं. सहा फुटी माणूस निळ्या उशीवर अवघडून बसला होता, डोकं टपाला लागत होतं, गुडघे स्टिअरिंगला घासत होते. म्हटलं, "सीट मागं घे ना रे."

"राहू दे," तो म्हणाला, "आईचं माप हाय."