आठवीला पोचवण्याचा उपक्रम

मुख्याध्यापक व्हायचं म्हणून मी चिखलीला शालेय व्यवस्थापनाच्या वर्गाला नाव घातलं. दर रविवारी हजेरी. आम्ही सगळे वर्षानुवर्षं फळ्यापुढे घासलेले मास्तर-मास्तरणी. अडचण दिसली की आमचा हात आपोआप अर्जाकडे जातो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'! वर्ग घेणाऱ्या सरांनी तिथंच खोडा घातला. म्हणाले, "गावातली एक अडचण सोडवून दाखवा. अर्ज नाही, निधी नाही. डोकं लढवा."

घ्या! पण माझी अडचण तयारच होती. आमची शाळा सातवीपर्यंत. माझ्या वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी सातवी पास होऊन घरी बसणार होती. आठवी डोणगावला आणि एसटी अवेळी. बाप म्हणाला, "पोरगी हुशार हाय, मले मालूम हाय मॅडम. पण जीपमधी कोणाच्या भरोशावर धाडू?" माझा जीव तुटला.

मग काय, कंबर कसली. सरपंचांना भेटले, पालकांची बैठक घेतली, जीपवाल्याची मनधरणी केली. तो म्हणे, "सीटा भरल्याबिगर गाडी हालत नाही." तरी फाइल मात्र झाली जाडजूड, रंगीत तक्त्यांसकट.

रविवारी ऐटीत ती सरांपुढे ठेवली. त्यांनी पानं चाळली. "छान. पोरगी काय म्हणते?"

तिला तर मी विचारलंच नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगते, सरांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मजुरीच्या बायाइचा ऑटो रोज डोणगावले जाते ना मॅडम, तिथल्या शाळेपुढूनच. मी त्याइले इचारलं, हाव म्हणल्या. संध्याकाळी संगच वापस. पण बाबा माह्यं आयकत नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. बाप म्हणाला, "बायाइच्या संग? मंग जाऊ द्या की!" महिनाभराचं घोडं पाच मिनिटांत गंगेत न्हालं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम फाट्यावर गेले. बायांनी सरकून तिला मधे जागा केली. दप्तर मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही साऱ्या गावाले इचारलं. मले काऊन नाही इचारलं?"

'अगं, तू लहान' असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं, तोवर ऑटो निघाला.