बाबांच्या जीपीएसचा स्टँड

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, डावं-उजवं असं कधी म्हणतच नसत. त्यांच्या जगात फक्त पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांना जेवायला वाढत होते, तर म्हणाले, "अनघा, उत्तरेची चटणी अगदीच चमचाभर वाढलीस गं." मी वाटी हातात धरून खुळ्यासारखी उभी. मग समीरने, माझ्या नवऱ्याने, हसत हसत उलगडा केला. बाबा जेवायला कायम पूर्वेकडे तोंड करून बसायचे. म्हणजे डाव्या हाताची चटणी-कोशिंबीर उत्तरेला, उजव्या हाताची भाजी दक्षिणेला, आणि मीठ समोर पूर्वेला. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस! पण महिनाभरात मीच स्वयंपाकघरातून ओरडायला लागले, "बाबा, दक्षिणेला अजून थोडी भेंडी वाढू का?" ते एवढे खूश व्हायचे की विचारू नका.

उभा जन्म त्यांनी सर्व्हेयर म्हणून काढला. मुरबाड, शहापूर, वाडा, जिथे जिथे रस्ता किंवा पाण्याची लाइन जायची होती तिथे बाबा आधी जाऊन आलेले. कोलशेतच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'होकायंत्र' म्हणायचे, आणि ते तोंडावर म्हटलेलंही त्यांना आवडायचं. सामान घेऊन येणारी पोरं मात्र वैतागायची. फोनवर बाबांनी सांगितलेलं असायचं, "लिफ्टमधून उतरलास की पश्चिमेचं दार." पोरगं खालून विचारायचं, "अंकल, लेफ्ट का राइट?" त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं. "अरे, लेफ्ट-राइट तू वळलास की बदलतं. पूर्व कधी बदलत नाही." तोपर्यंत आमची इडली गार.

रिटायर झाल्यावर डोंगर भटकायला म्हणून त्यांनी हातात धरायचा एक जीपीएस घेतला होता. साबणाच्या डबीएवढा जाडजूड, बटणांचा, वर बोटाच्या पेराएवढं अँटेना. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तो कपाटात जाऊन पडला. मग एका रविवारी बाबांनी तो बाहेर काढला, सेल बदलले आणि मला म्हणाले, "हा गाडीत लावायचाय. चांगलासा स्टँड शोध बघू."

मी म्हटलं, "कशाला? कल्याणचा रस्ता तुम्हाला डोळे मिटून येतो."

"येतो गं. तरी असू दे," म्हणाले.

कल्याणला आक्का असायच्या, बाबांची मोठी बहीण. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून बाबांचा रविवार म्हणजे आक्का. त्या अंथरुणाला खिळलेल्या. स्वयंपाकाला बाई होती, पण भाऊ आल्याशिवाय त्या घास घ्यायच्या नाहीत. बाबा सकाळी आपली जुनी गाडी काढायचे, माजिवड्यावरून हायवेला लागायचे, राजनोली नाक्याला वळून दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणात. बरोबर कोणी आलेलं चालायचं नाही. "माझा रविवार आहे. तुम्ही तुमचा करा," म्हणायचे. ती गाडी आणि तो रस्ता, एवढंच त्यांचं स्वतःचं असं उरलं होतं.

पहिला स्टँड काचेला चिकटणारा, रबरी वाटीचा. बाबांनी काच आधी कागदाने लख्ख पुसली, वाटी जिभेने ओली केली, दाबून बसवली आणि मला म्हणाले, "आता भूकंप झाला तरी हलणार नाही." माजिवड्याला ऊन चढलं आणि तो सुटून त्यांच्या पायात पडला, अगदी ब्रेकजवळ. त्या दिवशी बाबा आक्कांकडे पोचले तेव्हा दुपार उलटून गेली होती. राजनोलीचं वळण चुकून ते थेट पडघ्याला गेलेले. घरी आल्यावर म्हणाले, "स्टँड पडला ना, त्यात लक्ष गेलं." मला पटलं. कोणालाही पटेल.

दुसरा एसीच्या जाळीत अडकवायचा. तो मोबाईलसाठी केलेला होता, आमचा ठोकळा त्याला कसला पेलतो! जाळीची एक पट्टी कट्‌कन मोडली आणि जीपीएस जमिनीकडे बघत लोंबकळायला लागला. पुन्हा वळण चुकलं. "आकाश दिसलं नाही तर त्याला बिचाऱ्याला कळणार कसं?" बाबा म्हणाले. मग मी समीरची जुनी जीन्स कापून वाळूची पिशवी शिवली, वर खोबण ठेवली आणि डॅशबोर्डवर मांडली. दिसायला अगदी उशीवर बसवलेला गणपती. बाबा जाम हसले. "आक्काला दाखवतो, सुनेने केलेला स्टँड!" त्या रविवारी आक्कांच्या बाईचा फोन आला, काका अजून आले नाहीत, आजी जेवत नाहीयेत. बाबा फोन उचलेनात. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. आक्कांसाठी घेतलेली अळूवडी डब्यात तशीच होती. "पिशवी सरकते गं वळणावर," एवढंच बोलले आणि आत गेले.

समीर चिडला. "बाबा, मोबाईल लावा ना सरळ! तो बोलून सांगतो कुठे वळायचं." बाबा आतून म्हणाले, "मोबाईल हुकूम सोडतो. माझा जीपीएस फक्त सांगतो, तू इथे आहेस. पुढचं माझं मी बघतो." समीर माझ्याकडे बघून हात जोडत म्हणाला, "घे, आणखी एक स्टँड शोध." आणि मी शोधलाही. रात्रंदिवस स्टँडच बघत होते. क्लिपचा, चिमट्याचा, लांब दांड्याचा, लोहचुंबकाचा. स्टँडचाच दोष असू दे, एवढंच मागत होते देवाकडे.

पुढच्या रविवारी मी हट्टाने बरोबर बसले. बाबा नको म्हणाले, मी ऐकलं नाही. लांब दांड्याचा नवा स्टँड झकास बसला होता. हलत नव्हता, सरकत नव्हता, पडदा स्वच्छ दिसत होता. राजनोली नाका समोर आला. बाबांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. बाबा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसले. आम्ही होतो तिथे बाण स्थिर उभा होता.

"स्टँडचं काही चुकत नाही गं, अनघा," ते म्हणाले. "हा बरोबर सांगतोय मी कुठे आहे. पण मी कुठे निघालो होतो?"

मी म्हटलं, "आक्कांकडे, बाबा. आज तुम्ही त्यांना अळूवडी नेताय."

"हो. आक्काकडे." त्यांनी डोळे पुसले, अगदी लहान मुलासारखे, मनगटाने. "तू घे आता गाडी."

आम्ही जागा बदलल्या. मी रडत रडत गाडी चालवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. आक्का त्या दिवशी भावाच्या हातून अळूवडी खाऊन म्हणाल्या, "आज वेळेवर आलास हो." बाबा म्हणाले, "अनघाने आणलं मला."

परत निघालो तर कल्याणातच गाड्यांच्या सामानाचं एक दुकान दिसलं आणि बाबांनी थांबवायला लावलं. दुकानदाराला म्हणाले, "पक्का स्टँड द्या. स्क्रूने बसणारा." मी चाटच पडले. ती गाडी आईंच्या पसंतीची, रंगसुद्धा त्यांनी निवडलेला. त्या गाडीला भोक पाडायचं म्हटल्यावर बाबांनी आजवर घर डोक्यावर घेतलं असतं. दुकानदाराने ड्रिल काढलं, स्टिअरिंगजवळ जागा बघितली. बाबांनी त्याचा हात धरून पलीकडे नेला.

"इकडे लावा. शेजारच्या सीटकडे तोंड करून."

"काका, तिकडे लावला तर ड्रायव्हरला दिसणार नाय."

"ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे," बाबा म्हणाले आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. डॉक्टर नंतर काय ते बोलले, रोगाचं नावही सांगितलं. पण माझ्यासाठी निदान झालं ते त्या दुकानात. इतका सरळ माणूस मी बघितला नाही. किल्लीवरून केवढी भांडणं होतात लोकांच्या घरात. आमच्याकडे एक भोक पाडलं आणि विषय संपला.

पुढे आक्का होत्या तोवर प्रत्येक रविवार आम्हा दोघांचा. बाबा शेजारी बसून पडद्यावर बोट ठेवायचे आणि सांगायचे, "आता ईशान्येला चाललोय आपण." मी म्हणायचे, "हो कॅप्टन!" आक्का गेल्या. तरी रविवारी मी त्यांना गाडीत बसवायचे आणि दुर्गाडीच्या पुलावरून वळसा घालून परत आणायचे. हळूहळू दिशांची नावं कमी झाली. आधी ईशान्य-नैर्ऋत्य गेल्या. मग ते नुसतंच "चाललोय" म्हणायला लागले. पण बोट मात्र पडद्यावर असायचं.

एका दुपारी मी पानं घेतली आणि बघते तर बाबा समोरच्या खुर्चीत, पश्चिमेकडे तोंड करून बसलेले. मी थांबले. आता म्हणतील, चटणी दक्षिणेला कशी गेली? ते सरळ जेवायला लागले. मला ते बघवेना. मी त्यांना हाताला धरून उठवलं, त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि पान फिरवून नीट मांडलं. "बाबा, चटणी उत्तरेला," मी सांगितलं. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान झालीय." त्यानंतर रोज मीच सांगायचे. मीठ पूर्वेला, चटणी उत्तरेला, भाजी दक्षिणेला, बाबा. बोलायचं त्यांनी जवळजवळ सोडलं तरी माझं चालू होतं. समीर म्हणायचा, कशाला घसा कोरडा करतेस. करते. तुझं काय जातंय?

या पावसाळ्यानंतर बाबा गेले. सकाळची वेळ, चहा अर्धा प्यायलेला. सोसायटी जमली. बाबांना हॉलमध्ये खाली घेतलं, आणि शेजारच्या पाटणकरकाकूंनी पणतीत तेल घातलं. म्हणाल्या, "वात दक्षिणेकडे करायची असते. दक्षिण कुठली गं तुमच्याकडे?"

"थांबा, बाबांना विचारतो," समीर म्हणाला आणि खरंच त्यांच्या खोलीकडे वळला. दोन पावलं गेला आणि भिंत धरून उभा राहिला.

सगळ्यांनी मोबाईल काढले. कोणी हातात गोल गोल फिरवतंय, कोणी बाल्कनीत जाऊन सूर्य बघतंय. एकाचा बाण दाराकडे, दुसऱ्याचा फ्रिजकडे. एवढी शिकलेली माणसं, आणि होकायंत्राच्या घरात कोणाला दक्षिण सापडेना. काकू पणती हातात धरून उभ्या.

मी उठले. जेवणाच्या टेबलाशी गेले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. समोर पूर्व, तिथे मीठ. डाव्या हाताला चटणी. मी उजवा हात लांब केला.

"काकू, इकडे," मी म्हटलं. "ही भाजीची बाजू."

काकूंना काही कळलं नाही, पण त्यांनी वात तिकडे केली. समीरला कळलं. तो माझ्याजवळ आला, खुर्चीशी खाली बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.