झडती घेणाऱ्याची झडती

"आधी डबा उघडा."

नमस्कार नाही, रामराम नाही. शिफ्ट सुटली की आमच्या कंपनीच्या गेटवर हे वाक्य, आणि डब्याच्या झाकणावर काठीची टकटक. असं म्हणणारा आमचा जमादार मावळातला, उंचापुरा आणि जन्मजात संशयी. काळेवाडीत तो आमच्याच चाळीत राहायचा, त्यामुळे मला हा माणूस दोन्हीकडे भोगावा लागला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. चुलीपासून धुण्यापर्यंत सगळं तोच करायचा, आणि तेही कुणीतरी काहीतरी पळवणार आहे अशा चेहऱ्यानं.

गेटवर एक पिशवी असायची. बाहेर पडताना प्रत्येकानं तिच्यात हात घालून एक गोळी काढायची. लाल आली तर झडती, पांढरी आली तर सरळ घरी. जमादाराला हा प्रकार मंजूर नव्हता. "गोळीला काय कळतंय?" म्हणायचा, आणि ज्याचा चेहरा पटला नाही त्याला पांढऱ्या गोळीसकट बाजूला घ्यायचा.

असाच त्यानं एकदा मराठवाड्यातून आलेला एक हेल्पर धरला. डब्यात हात धुवायच्या साबणाचा तुकडा निघाला. "संपत आला होता, जमादार. फेकूनच देणार होते," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"कंपनीचं ते कंपनीचं," जमादार म्हणाला. हेल्परची नोकरी गेली. पुढे वर्षभर जमादारानं हा किस्सा चवीनं सांगितला.

मग चाळीच्या मालकाकडे टीव्ही आला. आठवड्यातून एकदा त्यावर अवकाशयानाची इंग्रजी मालिका लागायची. एका भागात यानातला कुणीतरी एक जण माणूस नसून परग्रहावरचा हेर आहे, असा कप्तानाला संशय येतो. तो एकेकाला बोलावून उलटतपासणी घेतो, आणि शेवटी सगळेच एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागतात. आम्हाला ते इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं, जमादाराला अजिबात नाही. पण मत द्यायला त्याचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर सगळी रांग अडवून त्यानं ते सुनावलं.

"यान बरं व्हतं. कापडं बी झकास. पर तपास कच्चा. कप्तानानं समद्यांची झडती घेतली, सोताची दिली का? न्हाई. समद्यात आधी झडती घेणाऱ्याची झडती पायजे. आमी असतो तर पाच मिंटांत हेर भाईर."

मागे सिक्युरिटीचे साहेब उभे होते. लष्करातून निवृत्त झालेला माणूस, सहसा हसत नसे. तेव्हा हसले.

"बरोबर बोललास, जमादार. आज तुझ्यापासूनच सुरुवात करू."

जमादार ऐटीत पुढे झाला आणि पिशवीत हात घातला. पांढरी. त्यानं ती रांगेला दाखवली.

"गोळीला काय कळतं?" साहेब म्हणाले. "डबा उघड."

त्यानं डबा छातीशी धरला. शेवटी साहेबांनीच डबा उघडला. आत कँटीनच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. कँटीनचं जेवण गेटबाहेर न्यायला सक्त मनाई आहे, हे आम्हाला जमादारानंच शिकवलं होतं.

"उरल्या व्हत्या, साहेब. टाकूनच देनार व्हते. घरी ती..."

साहेबांनी झाकण परत लावलं. ताकीद देऊन सोडतील असं वाटलं, आणि सोडलंही असतं. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कंपनीचं ते कंपनीचं." मग दुसरा म्हणाला. मग सगळी रांग टाळ्या पिटत तेच म्हणायला लागली. आता साहेबांना सोडता येईना. त्या पोळ्या कुणासाठी आहेत हे आम्हा काळेवाडीकरांना ठाऊक होतं, आणि आमचेच आवाज सगळ्यात मोठे होते.

पोळ्या पुरावा म्हणून गेटवर राहिल्या. रिकामा डबा घेऊन तो घरी निघाला. 

नोकरी गेली तशी खोलीही गेली. गावी निघाला त्या सकाळी दारात टेम्पो उभा होता. बायकोला त्यानं गादीसकट टेम्पोत निजवलं. मग सामान चढवण्याआधी सगळं रस्त्यावर मांडलं. ट्रंकेचं कुलूप काढलं, वळकटी सोडली, पिठाच्या डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"अवं, कोन इचारतंय?" आतून बायको म्हणाली.

"बघून घ्या," तो चाळीकडे तोंड करून म्हणाला.

कुणी झडती मागितली नव्हती. तरी आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं.