बिनरसाचा ऊस

सिद्धू कोकरेनं ते गवत दोन कारणांनी लावलं. एक, मेंढरं ते खात नाहीत. दुसरं, ते दोन पुरुष उंच वाढतं. तिसऱ्या कारणापर्यंत पोचण्याइतका सिद्धू विचारी माणूस नव्हता, निदान १९९२ साली तरी नव्हता.

काटेवाडीच्या अलीकडं, इंदापूरच्या रस्त्याला लागून दोन भावांची दोन घरं होती. थोरला गेणबा, धाकटा सिद्धू आणि मध्ये एकच अंगण. दोघंही लोणी भापकरच्या माळावर मेंढरांमागं वाढलेले. आई लवकर गेली, बाप तापट. सिद्धूला खांद्यावर बसवून वाढवलं ते गेणबानं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळे कोकणात उतरायचे आणि घाटातल्या झाडीत लहानगा सिद्धू बुजायचा. तेव्हा गेणबानं त्याला शिकवलं होतं, "मानूस दिसत नसंल आन् हाक आली, तर लगीच ओ द्यायची न्हाय. तिसरी हाक येऊ द्यायची. जित्ता मानूस तीनदा हाक मारतो. दुसरं काय असंल ते दोनदाच बोलवतं." सिद्धूनं ते आयुष्यभर पाळलं. भावाचं बाकी काही ऐकलं नाही, हे एक मात्र ऐकलं.

पुढं पाटाचं पाणी फिरलं, माळ उसाखाली गेले, चरायला जागा उरली नाही. सिद्धू एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर माळी म्हणून चिकटला. गेणबाची बायको वारली, त्यानं कळप मोडला. पण पाच मेंढ्या ठेवल्याच. मेंढ्यांशिवाय त्याला झोप येत नसे.

माळी झाल्यावर सिद्धूला बागेचं खूळ लागलं. घरापुढं गुलाब लावला, शेवंतीचे वाफे केले. मेंढ्यांना गुलाब काय आणि घाणेरी काय! एका सकाळी शेवंती बुडापासून फस्त झालेली दिसली. सिद्धूचं डोकं फिरलं. हातात खोरं होतं, त्याचा दांडा त्यानं पुढच्या मेंढीच्या पोटात घातला. मेंढी गाभण होती. संध्याकाळी तिनं गाभ टाकला.

ते ओलं पिल्लू फडक्यात घेऊन गेणबा अंगण ओलांडून आला आणि त्यानं ते सिद्धूच्या उंबऱ्यावर ठेवलं. "धनगराच्या पोटचा हायेस का न्हाय? पुन्यांदा तुझं त्वांड बघनार न्हाय मी."

तेव्हा गप्प बसायचं होतं. पण सिद्धूची जीभ कधी वेळेवर गप्प बसली आहे? "नको बघू," तो म्हणाला. "तशी सोयच करतो."

गेस्ट हाऊसच्या मागं ते गवत होतं. बांबूसारखी कांडी, पानांवर पांढरे पट्टे, शेंड्याला झुबकेदार तुरे. कुठल्याशा साहेबानं हौसेनं पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं. हेडमाळ्यानं ते सिमेंटच्या हौदात कोंडून ठेवलं होतं आणि तो सगळ्यांना बजावायचा, जमिनीत सोडू नका, पुन्हा आवरणार नाही. सिद्धूनं पोत्यात गड्डे भरले, सायकलला बांधले आणि दुसऱ्या दिवशी अंगणाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ ओळ लावली.

दुसऱ्या पावसाळ्यात गेणबाचं छप्पर दिसेनासं झालं. गेणबानं पलीकडून एक कांडं मोडलं, चावून बघितलं आणि थुंकला. रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, "बिनरसाचा ऊस लावलाय आमच्या माळ्यानं!" अलीकडं सिद्धूला हसू फुटलं. बायकोला दिसू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

राग तिथंच संपला होता. गवत संपेना. मुळं जमिनीखालून पलीकडं सरकली. गेणबाच्या चुलीजवळ कोंब, मेंढ्यांच्या कुडात कोंब. सत्तरीतला म्हातारा रोज विळा घेऊन ते कापत बसे. खच्‌, खच्‌ आवाज यायचा आणि सिद्धूला चोरट्यासारखं व्हायचं. एका उन्हाळ्यात सिद्धूनंच ते कुदळीनं खणलं. जेवढे तुकडे झाले तेवढी बेटं उगवली. मग पेटवून दिलं. कोवळं गवत यावं म्हणून अर्धा जन्म माळ पेटवलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पाऊस पडला आणि गवत दुपटीनं आलं.

"फिरून जावा की पलीकडं," सिंधुबाई, त्याची बायको, म्हणायची. "पन्नास पावलं बी न्हाईत."

"त्यानं हाक मारू दे. एक हाक मारली तरी पळत जाईन."

आणि तो खरंच वाट बघत होता. निवृत्त झाल्यापासून दुपारची भाकरी तो गवताच्या कडेला, सावलीत बसून खायचा. सावलीसाठी, असं सांगायचा.

१९९७ च्या वैशाखात, भर बारा वाजता, तो तसाच बसला होता. पलीकडची खच्‌खच्‌ थांबली. मग गवतातून आवाज आला, "सिद्धूऽ."

सिद्धूच्या हातातला घास तसाच राहिला. पाच वर्षं या एका शब्दावर त्याचा जीव टांगलेला. पण समोर पानांखेरीज काही दिसत नव्हतं, आणि आवाज बारीक, खोल गेलेला, गेणबाचा असून गेणबाचा नसल्यासारखा. टळटळीत दुपार. भुताखेताची वेळ.

"सिद्धू..."

सिंधुबाई दारात आली. "अवो, भावजींची हाक हाय."

"गप. तिसरी येऊ दे."

दोघं उभे राहिले. तुरे हलत होते. तिसरी हाक आली नाही. सिद्धूनं देवाचं नाव घेतलं, भाकरी झाकली आणि घरात जाऊन आडवा झाला.

दिवस कलता मेंढ्या ओरडू लागल्या. मेंढी तहानेनं कशी ओरडते ते सिद्धूला कुणी सांगायला नको होतं. तो उठला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा गवताला वळसा घालून पलीकडं गेला.

गेणबा पालथा पडला होता. कापलेले बुडखे भाल्यासारखे तिरके उभे होते. पाय सटकून तो त्यांच्यावर गेला होता. एक बुडखा मांडीत खोल घुसला होता. खालची माती काळी होऊन वाळली होती. हात गवतात, सिद्धूच्या घराच्या दिशेला. डॉक्टर म्हणाले, रक्त गेलं. दुपारीच कुणी उचललं असतं तर वाचला असता. त्या डॉक्टरला काय माहीत, आपण कुणापुढं बोलतोय ते. तिसरी हाक मारायला गेणबाच्या अंगात दम उरला नव्हता, एवढंच.

गवत अजून आहे. सिद्धू खणतो, ते उगवतं. मेंढ्या तो सांभाळतो. मात्र आता तो तिसऱ्या हाकेसाठी थांबत नाही. रस्त्यावर भाजीवाली शेजारणीला हाक मारते, ट्रॅक्टरवाला आपल्या गड्याला बोलावतो, आणि सिद्धू आतून, पहिल्याच हाकेला, "आलो रं दादा" म्हणत धावत बाहेर येतो.