न चाखलेली भाकर

श्रद्धा आणि भावना या एकाच घरात वाढलेल्या जुळ्या बहिणी आहेत, असे आपण नकळत समजून चालतो. प्रार्थनेला बसताच डोळे पाणावले की देव जवळ आला, आणि अंतःकरण कोरडे राहिले की तो दूर गेला, असा आपला सरळ समज. वस्तुतः हृदयाची आर्द्रता ऋतूंच्या स्वाधीन असते. ती येते तेव्हा न विचारता येते आणि जाते तेव्हा निरोपही घेत नाही. ती गेल्यानंतर जे उरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाला लागते, त्याला श्रद्धा म्हणावे. ज्या बाईंविषयी हे लिहायचे आहे त्यांनी हा विचार कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता. त्यांची जीभ मेली, तेव्हा तो त्यांना शिकावा लागला.

चढणीच्या रस्त्यावर, चर्चच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची बेकरी होती. पुढे दोन पायऱ्या, काचेचे एक कपाट, आत लांबट खोली आणि तिच्या टोकाला विटांची भट्टी. भट्टी यजमानांकडे, पीठ बाईंकडे. सारा रस्ता त्यांना मावशी म्हणे. दुपारी छताजवळच्या झरोक्यातून उन्हाची तिरपी पट्टी खाली उतरे आणि पिठाचे कण तिच्यात इतके संथ तरंगत, की काळ जणू तिथे येऊन पहुडला आहे असे वाटे. त्या उजेडात माणसे आपोआप हळू बोलत. दर शनिवारी दुपारी याच खोलीत रविवारी चर्चमध्ये सर्वांना वाटायच्या प्रभुभोजनाची भाकर होई. एकच, मोठी, गोल, मंडळीतल्या ऐंशी माणसांना एकेक तुकडा पुरेल अशी. आधी ती मावशींच्या सासूबाई करीत, त्यांच्यामागे तेवीस वर्षे मावशी करीत आल्या होत्या.

त्यांची रीत अशी होती. मळलेल्या कणकेची चिमूट जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायचे. मीठ, खमीर, पाण्याचे कमीजास्त, सारे त्या एका क्षणात कळे. सासूबाईंचा तराजू फळीवर धूळ खात पडला होता. प्रार्थनाही त्यांना अशीच चवीने कळे. देव मला गोड लागतो, असे त्या कधी कधी लाजत म्हणत.

मग ताप आला. चौदा दिवसांनी तो उतरला, तेव्हा जीभ आणि नाक दोन्ही गेलेली होती. चहा म्हणजे कढत पाणी, साखर म्हणजे रेती. चव कदाचित परत येईल, कदाचित नाही, असे डॉक्टर म्हणाले. आणखी एक गोष्ट मावशींनी डॉक्टरांना सांगितली नाही. प्रार्थनेची गोडीही त्याच तापात वाहून गेली होती. ओठ हलत, शब्द बाहेर पडत, आणि आत काहीच हलत नसे.

सून हुशार होती. तिने तराजू पुसून खाली काढला आणि भिंतीवर एक पाटी टांगली. पीठ, पाणी, खमीर, मीठ. जे जे तोलून घालायचे त्याच्यापुढे खडूची रेघ ओढायची. रोजचे पाव असे बिनबोभाट होऊ लागले. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. पण शनिवारची भाकर करताना मावशी तराजूचा काटा दोनदोनदा पाहत. ती देवाच्या मेजावर जाणार होती.

वर्षभराने एका शनिवारी नको ते घडले. सगळे तोलून झाले, पाटीवर चारही रेघा उमटल्या, आणि जुन्या सवयीने मावशींनी कणकेची चिमूट जिभेवर ठेवली. अळणी. आपली जीभ मेली आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी मनात धास्तीने घर केले, की मीठ राहिलेच असावे. देवाच्या भाकरीत मीठ नाही म्हणजे काय! त्यांनी मूठभर मीठ घातले. पुन्हा चाखले. पुन्हा अळणी. आणखी घातले.

रविवारी चर्चच्या पाळकांनी घास तोंडात घेतला आणि ते क्षणभर थांबले. मागच्या बाकांवर खोकल्याची लाट उठली. बाहेर पडताना म्हातारा सुतार यजमानांच्या कानाशी लागून म्हणाला, की आज भाकर समुद्रातून पोहत आली वाटते. माणसे हसली, पाणी प्याली, घरी गेली. मावशी मात्र रिकाम्या बाकावर बसून राहिल्या. उंच खिडकीतला उजेड फरशीवरून पायापायाने सरकत होता. तो त्यांच्या पायांशी पोहोचला तेव्हा पाळक शेजारी येऊन बसले.

यापुढे भाकर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, असे मावशींनी सांगितले. पाळकांना वाटले मिठाचे दुःख आहे. मग हळूहळू सारे बाहेर आले. मीठ हे निमित्त होते. वर्षभर त्या गात होत्या, गुडघे टेकत होत्या, आणि काहीही जाणवत नव्हते. ज्या हातांमागे भाव नाही त्या हातांनी देवाची भाकर मळणे म्हणजे ढोंग, आणि ढोंग त्यांच्याने होणार नव्हते.

पाळकांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मावशी, देवानं वचन दिलंय ते तुम्हाला. तुमच्या जिभेला कुठं दिलंय?"

मावशींना हे पटले असे नाही. घरी येऊन त्यांनी ढोंगाची तीच गोष्ट यजमानांना ऐकवली. यजमान भट्टीतली राख ओढीत होते. अबोल माणूस, पण एखाद्या वेळी बोलला की नेमके बोले.

"मला बघून तरी रोज तुला काय वाटतं गं?" त्यांनी विचारले.

"काय वाटायचंय या वयात?"

"तरी चहा देतेसच ना सकाळी. का ढोंग करतेस?"

"ढोंग कशाला? लग्न केलंय तुमच्याशी."

"मग झालं तर," असे म्हणून ते पुन्हा राख ओढू लागले. सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

पुढचा शनिवार उजाडला. मावशींनी पाळकांना दिलेला नकार मागे घेतला नव्हता, आणि पाळकांनी दुसरे कुणी शोधलेही नव्हते. दुपारी उन्हाची पट्टी उतरली तशा त्या उठल्या आणि हात धुऊन पाटीसमोर उभ्या राहिल्या. पीठ तोलले, रेघ. पाणी, रेघ. खमीर, रेघ. मीठ, रेघ. कणीक मळून झाली आणि बोटे चिमूट घ्यायला पुढे सरकली. ती त्यांनी आवरली. पण धास्ती काही आवरेना. धास्तीला जीभ नसली तरी डोळे असतात. मिठाच्या बरणीकडे ती टक लावून पाहत होती. मावशींचा हात बरणीच्या झाकणावर जाऊन थांबला. सून मागे उभी होती.

"पाटीवर मिठाची रेघ आहे ना गं?" मावशींनी न वळता विचारले.

"आहे, आई."

"तू बघितलंस ओढताना?"

"बघितलं."

त्यांनी बरणी उचलली आणि सुनेच्या हाती दिली. ती आत नेऊन ठेव म्हणाल्या. मग कणकेवर ओले फडके घातले आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. फडक्याखाली कणीक निजलेल्या लेकराच्या पोटासारखी मंद फुगत होती. मावशींनी प्रार्थना म्हटली. आत काहीच हलले नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली.

रविवारी त्यांच्या तोंडातला तुकडा ओल्या कापसासारखा होता. त्यांनी सुताराकडे पाहिले. म्हातारा डोळे मिटून सावकाश चघळीत होता, आणि गिळून झाल्यावरही त्याने डोळे लगेच उघडले नाहीत.

पुढे एकोणीस वर्षे हे असेच चालले. नवव्या वर्षी एकदा, भट्टीचे दार उघडताच, भाजल्या पावाचा वास त्यांच्या नाकात शिरला. खोली भरून, लहानपणच्या एखाद्या दुपारसारखा. पाचसहा श्वास तो टिकला असेल. सुनेने त्यांच्या गालांवरचे पाणी पाहिले आणि घाबरून काय झाले ते विचारले. मावशी म्हणाल्या, "वास आला. बरं वाटलं. चल, दुसरा घाणा घे." त्यानंतर तो आला नाही, आणि त्या दारापाशी त्याची वाट पाहत कधी थांबल्याही नाहीत.

त्या गेल्या त्याला आता सहा वर्षे झाली. शेवटच्या आजारात सुनेने भीत भीत विचारले होते, की आता तरी काही जाणवते का. मावशींनी नाही म्हणून मान हलवली, आणि संध्याकाळची प्रार्थना सुरू करायला सांगितली.

शनिवारची भाकर आता सून करते. मंडळी वाढली आहे, म्हणून ती दोन करते.