जिज्जीच्या शिंका आणि दूर्वांचे तुरे

गवतावर इतकं प्रेम करणारा आणि त्याच वेळी इतका संशय घेणारा माणूस माझ्या मेहुण्याशिवाय अख्ख्या झाशीत दुसरा नाही. कॉलेजात तो जीवरसायन शिकवतो, पण जीव रमतो गवताच्या परागकणांत. इथल्या नगरा भागातल्या मैदानावर सकाळीच गुडघे टेकून तो तुरे कागदी पिशवीत झटकत असतो. एकदा एका गवळ्यावर ओरडला, "भैया, भैंस हटाओ, मेरा सैंपल खा रही है!" लग्नाच्या पंगतीत कोणी शिंकलं, की हा त्याची बाही वर करायला धावतो. आम्हा सगळ्या नातेवाइकांचं रक्त त्याच्या फ्रीजमध्ये आहे.

माझी बायको त्याची थोरली बहीण, त्याची जिज्जी. इथल्या मोजक्या मराठी घरांच्या गणपतीत आरती तिनेच म्हणायची, ही रीत. पण अलीकडे, सासूबाई गेल्या त्या वर्षापासून, दूर्वांची जुडी हातात घेतली की शिंका, मग दम. आम्ही धुपाला दोष देऊन तो बंद केला, शिंका चालूच. शेवटी ती म्हणाली, "यंदा आरती दुसऱ्या कोणाला द्या. पुरे झालं माझं हसं."

मेहुणा उखडला. "धूप बेकसूर आहे, जिज्जी. मी शोधतो."

दूर्वांच्या परागांतली प्रथिनं वेगळी करून त्याने एका पातळ पडद्यावर उतरवली आणि त्यावर तिच्या रक्ताचा अंश सोडला. ज्या प्रथिनाचा तिला त्रास, तिथे रेघ उमटायला हवी होती. पडदा कोरा! मग कळलं, आम्हा दोघांच्या रक्ताच्या कुप्यांवर त्याने नुसतंच 'जिज्जीकडचे' लिहिलं होतं आणि उचलली होती माझी. "तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही, जीजाजी," तो म्हणाला, "एवढं मात्र सिद्ध झालं."

दुसऱ्या खेपेला ठसठशीत काळी रेघ! त्या रेघेचा फोटो घेऊन तो हेल्मेटसकट स्वयंपाकघरात शिरला. "चोर सापडला!"

"म्हणजे आता दूर्वाच नकोत?" बायको रडवेली झाली.

"अगं, चोर परागांत आहे, पात्यांत नाही. तुम्ही बाजारातून तुऱ्यांसकट गवत आणता. देवाला कोवळ्या दूर्वा वाहायच्या, एवढंही विसरलात?"

चतुर्थीला दूर्वा त्यानेच खुडल्या, भिंगाखाली एकेक तपासल्या. बायकोने पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळं खणखणीत म्हटलं. एकही शिंक नाही! मंडळींनी तर तिच्याकडून एक आरती पुन्हा म्हणवून घेतली.

मेहुणा दाराशी उभा होता, टाळ्या वाजवायच्या विसरून. प्रसाद द्यायला गेलो तर हळूच म्हणाला, "आई गेल्यापासून जिज्जीचा असा आवाज ऐकला नव्हता, जीजाजी."