गाड्यांच्या सुधारणा आणि दुसरी सही

आमच्या कंपनीत सूचनांची पेटी होती. कामात काही सुधारणा सुचली की कागदावर लिहून पेटीत टाकायची. पण आमच्या प्लांटचा एक रिवाज होता, कागदावर दोन सह्या लागत. एक ज्याला सुचलं त्याची आणि दुसरी, ज्याला रोज त्या यंत्रापाशी उभं राहायचंय त्याची. नुसत्या डोकेबाजाचा कागद कोणी उघडूनही बघत नसे. मी फिटर, त्यात तोंडाळ. मला सुचायचं फार. दुसरी सही करायचा माझा दोस्त, रोह्याचा, बॉयलरवरचा ऑपरेटर. बोलायला कमी, कामाला वाघ.

रिटायर झालो आणि पेणला घरी येऊन बसलो. दोन वर्षांत बायको गेली. लेक नाशकाला. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, "बाबा, जेवण करता ना नीट?" मी म्हणायचो, "व्हय गो." झालं. पुढे अख्खा रविवार पडलेला असायचा. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. ज्याचे त्याचे हात मातीत नाहीतर रंगात, रिकामटेकडा काय तो मीच. अशात एका संध्याकाळी टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली, देशोदेशी फिरून होतात त्यातली. इंजिनांच्या आवाजाने घर भरलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण बघता बघता माझं टाळकं फिरायला लागलं. दर खेपेला तोच एक ड्रायव्हर पहिला, आणि का, तर त्याच्या कंपनीची गाडी भारी. पाऊस आला की शर्यत थांबवतात! अरे, आमची एसटी भर पावसात वडखळच्या नाक्यातून खड्डे चुकवत जाते, तिला कोण थांबवतं? आणि ड्रायव्हरच्या कानात रेडिओवरून साहेब सारखा बोलतोय, आता वळ, आता दाब. शिफ्टवर साहेब असा कानाशी बसला तर ऑपरेटर कशाला डोकं चालवील? मी वही काढली. सुधारणा क्रमांक एक, साहेबाचा आवाज बंद. क्रमांक दोन, पावसात पळायचं, हळू पळा पण पळा. रागाने पानं भरत गेली. बोलायला मात्र समोर टीव्ही.

तेव्हा मला दुसऱ्या सहीची आठवण झाली. आता कुठली कंपनी आणि कुठली पेटी! पण मला निमित्त हवं होतं. रविवारी दुपारच्या गाडीने रोह्याला गेलो, दोस्ताच्या पुढ्यात वही टाकली आणि म्हणालो, "नियम म्हणजे नियम. सही कर."

तो हसला, सही केली. म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. हितंच बघू."

मग ते ठरूनच गेलं. कासू, नागोठणं, निडी ही स्टेशनं मला पाठ झाली. शनिवारी मी दाढी करायला लागलो. वहिनी चहा करायच्या, कधी वालाचं बिरडं करून वाढायच्या. मी टीव्हीसमोर बसून तोंडाचा पट्टा सोडायचो, दोस्त माझ्याकडे बघत "व्हय, व्हय" करायचा आणि शेवटी सही ठोकायचा. माझा आठवडा त्या एका दिवसावर चालला होता.

एका रविवारी मात्र तो आपणहून बोलला. "मला एक सुचलंय. आपल्याकडं जेवणावळीत पहिली पंगत उठते, ती दुसऱ्या पंगतीला वाढते. तसं करावं. जो जिंकला, त्याच्या माणसांनी पुढच्या शर्यतीत, गाड्या चाकं बदलायला मध्येच थांबतात तेव्हा, शेवटी आलेल्याच्या गाडीची चाकं बदलायची."

"येड लागलंय काय? दुसऱ्याच्या गाडीचं चाक कोण घट्ट आवळील?"

"पंगतीत वाढणारा कोणाचं मीठ चुकवतो का?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, ही खोड जन्माची. मी ओरडलो, "इतके दिवस नुसत्या सह्या ठोकतोयस! तुला या गाड्यांतलं कळतं तरी काय?"

वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या. दोस्त खाली बघून म्हणाला, "नाय रे. तसं काय कळत नाय."

मी चहा न घेता निघालो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून एसटीत खिडकीशी बसून त्यालाच शिव्या घालत पेणला आलो.

तीन रविवार गेलो नाही. वाटायचं, त्याचा फोन येईल. का यावा? चूक माझी, पण माझी अकड मोठी. घरी शर्यत लावायचो, आवाज मोठा करायचो, आणि कोण पहिला आला तेही ध्यानात राहायचं नाही. भाकरी थापायचा कंटाळा, म्हणून दूध-पोहे खाऊन झोपायचो. वहीत त्याची सूचना मात्र मी सुवाच्य अक्षरात लिहून काढली. आमच्या सगळ्या सुधारणांत माणसाच्या डोक्यातून आलेली ती एकच होती. बाकीचा नुसता माझा राग होता.

चौथ्या रविवारी ती वही पिशवीत घालून गेलो. घरी वहिनी एकट्याच तांदूळ निवडत होत्या. टीव्हीवर कापड टाकलेलं.

"या भावजी. हे शेतावर गेलेत, येतीलच. पण तुमच्या गाड्या नाय दिसायच्या आज. चॅनेल बंद केलं यांनी."

"का?"

"कोण बघणार? तुम्ही येणार म्हणून तर घेतलं होतं. यांना त्या गाड्यांनी डोकं दुखायचं हो. तरी मंगळवारपासून मला विचारायचे, या खेपेला त्याच्याशी काय बोलू गो? ते पंगतीचं तर आठवडाभर जुळवत होते."

माझ्या त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

इतक्यात तो आला, डोक्यावर पेंढ्याचा भारा. मला बघून थबकला. भारा उतरवला, अंगावरचं कुसळ झटकत राहिला. मी माफीचा शब्द जुळवत होतो. त्याच्या आधी तोच बोलला, चोरट्यासारखा, जणू त्याच्याच हातून काही घडलं होतं.

"आज गाड्या नायत रे. तरी बसशील?"

इतके रविवार मी त्याच्या घरी जेवलो, बडबडलो, आणि मी कशासाठी येतो तेवढं मात्र त्याला कधी कळू दिलं नव्हतं.

"बसतो," मी म्हणालो. पिशवीतली वही काढली आणि त्याच्या सूचनेखाली दुसरी सही मी केली.